कापलेले अकरा सेकंद

मला कशावरही मत विचारा, ते तयारच असतं. कोणती मालिका कितव्या भागात मेली आणि तरी चालूच राहिली, कोणत्या गाण्यात नुसता ठेका आहे, कोणत्या गेमचा शेवट घाईत उरकलाय — गेली कित्येक वर्षं मी माझ्या चॅनलवर चेहरा न दाखवता हेच बोलते. लोक ऐकतात. पण एक गोष्ट तिथं बोलले नाही, घरात नाही, कुणा मैत्रिणीजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल.

कुठून सुरू करू? टीव्हीपासूनच करते.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत टीव्ही होता, वर भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांची तसबीर. साडेसात वाजले की आई मालिकेसमोर बसायची. नुसती बघायची नाही — बोलायची. नायिकेला रागवायची, सासूचा उद्धार करायची, कुणी भरल्या ताटावरून उठलं की हळहळायची. दिवसभर अंगणवाडीत पोरं सांभाळून आलेली बाई, पडद्यावरच्यांनाही तशीच सांभाळायची.

माझी मावसबहीण वैशू कॉलेजसाठी लासूर स्टेशनहून आमच्याकडं राहायला आली आणि आईला जोडीदारीण मिळाली. दोघी मिळून त्या सासूला सळो की पळो करून सोडायच्या. आणि मी? मी कोपऱ्यात, कानाला हेडफोन, हातात गेम. माझं ठाम मत होतं, की मालिका म्हणजे एकाच चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा आणि मागं ढणढणाट. त्यापेक्षा गेम बरा. तिथं चुकलं की भोगावं लागतं, आणि पुन्हा पहिल्यापासून नीट खेळावं लागतं.

खरं सांगू? हेडफोनचा आवाज मी बंद ठेवायचे. त्या दोघींचंच ऐकायचे. मला त्यांच्यात जाऊन बसायचं होतं — पण एवढी नाकं मुरडल्यावर कोणत्या तोंडानं जाणार?

एका संध्याकाळी मी फोन गुडघ्याला टेकवला आणि आईला रेकॉर्ड केलं. पडद्यावर नायिकेनं चहाचा कप उचलला होता, आणि आई जीव तोडून सांगत होती, "अगं ये बाई, नको पिऊ तो चहा! तिनं काय तरी टाकलंय त्यात. लई येडी हायस बघ तू. सकाळपासून उपाशी — आधी दोन घास खा, मंग भांड!"

शेवटचा थोडा भाग मी कापला, वर 'आमच्या घरच्या समीक्षक' असं लिहिलं आणि चॅनलवर टाकलं. माझं असं चॅनल आहे, हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. गंमत म्हणून? तेव्हा मी स्वतःला तसंच सांगितलं होतं. पण जळत होते मी, हे आज नाकारत नाही.

पुढं कुणीतरी त्याला ठेका लावला. नको पिऊ, नको पिऊ, नको पिऊ तो चहा. मत विचाराल तर गाणं वाईट नव्हतं. बेस जरा जास्त, पण आईच्या बोलण्याला मुळातच लय आहे. पोरं त्यावर नाचून व्हिडिओ टाकायला लागली. माझं चॅनल चाललं ते त्यावरच.

आणि मग गल्लीतल्या एका हळदीत डीजेनं ते लावलं. आई शहागंजातून आणलेली नवी साडी नेसून, हातात हळदीची वाटी घेऊन उभी होती. शेजारीण ओरडली, "अवो ताई, ह्यो तर तुमचाच आवाज हाय!" सगळ्या हसल्या, तिला ओढून मधे घेतलं. आई हसली. दोन पावलं नाचलीसुद्धा. मी समोरच होते. हातातली वाटी तिनं इतकी घट्ट धरली होती, की अंगठा हळदीत बुडाला होता.

घरी आल्यावर साडीची घडी घालता घालता ती म्हणाली, "घरातल्याच कुणीतरी केलं ना गं हे?"

इथं मी दरवेळी थांबते. मनातल्या मनात सांगताना.

मी म्हणाले, "वैशू बसते ना रोज तुझ्याजवळ, फोन घेऊन."

एवढंच. तिनं केलं असं म्हणाले नाही. तेवढी हुशार मी होते.

आई भांडली असती तर वैशूला निदान कळलं असतं. पण बहिणीच्या पोरीला विचारायचं तरी कसं? तिनं विचारलंच नाही. वैशू म्हणायची, "मावशी, बघ की ही सासू कशी बोलती!" आणि आई म्हणायची, "हं." महिन्याभरात वैशूनं बॅग भरली, लासूरहून रेल्वेनं अप-डाऊन करते म्हणाली. स्टेशनवर सोडायला मीच गेले. तिथं तिनं विचारलं, "ताई, माझं काय चुकलं गं? मावशी बोलतच नाय."

गाडीला वेळ होता. सांगायला भरपूर वेळ होता. मी म्हणाले, "तिला बीपीचा त्रास आहे, मनावर घेऊ नको."

पुढच्या आठवड्यात वैशूनं पिशवीभर शेवग्याचा पाला पाठवला, बीपीला चांगला म्हणून. आईनं त्याची भाजी केली. मी खाल्ली.

वैशू आता सासरी, जालन्याला. आमच्याकडं येत नाही. आई अजून साडेसातला बसते, टीव्ही आता मोठा आहे, मीच घेतलेला. नायिकेसमोर कुणी चहा ठेवला की आईचे ओठ हलतात — मग ती एकदा माझ्या हाताकडं बघते आणि ओठ मिटून घेते. मी फोन आत ठेवून येते, तरी ती बघते. मी तिच्या शेजारीच बसते हल्ली, हेडफोन न लावता. ज्या जागेसाठी जळले, ती मिळाली. तिथं ऐकायला काही उरलेलं नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. वैशूलाही नाही.

व्हिडिओ मी केव्हाच काढून टाकला. मूळ रेकॉर्डिंग मात्र ठेवलंय. आईच्या आवाजाची फार आठवण आली की आतल्या खोलीत जाऊन हेडफोन लावून ऐकते, तीच आई दोन भिंतींपलीकडं बसलेली असताना. मी कापलेले अकरा सेकंदही त्यात आहेत. विनोद लांबतो म्हणून कापले होते. त्यात वैशूचा आवाज येतो — आतून, ओट्यापाशी भांडी घासता घासता. तेवढं जरी हळदीच्या दिवशी ऐकवलं असतं, तरी आईला कळलं असतं की फोन वैशूच्या हातात नव्हता. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

"मावशी, चहा ठेवू का?" वैशू विचारते.

आणि आई म्हणते, "ठेव माय. तिघींचा ठेव. अन् तिलाबी कानातलं काढून इकडं ये म्हणावं, एकटीच बसलीय कवाची."