गजभियेकाकांचे उष्टेबाबा

गाडी चालू असताना गजभियेकाका एक शब्द बोलत नसत. रायपूर पहिल्यांदाच बघायला आलेले पाहुणे मागच्या सीटवरून विचारत, "भैया, ये कौन सा मंदिर है?" काका आरशातूनसुद्धा मागे बघत नसत. मग जयस्तंभ चौकाच्या थोडं अलीकडे गाडी एकदम डाव्या बाजूला घेत, इंजिन बंद करत, हँडब्रेक ओढत आणि अख्खं अंग वळवून पाहुण्यांकडे तोंड करत. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून बेजार होत. काका आरामात सुरुवात करत. "गाडी चालून राहिली का तोंड बंद, तोंड चालून राहिलं का गाडी बंद," असा त्यांचा कायदा होता. पाहुण्यांशी ते हिंदीत बोलत, पण कायदा मराठीत सांगत.

रायपूरच्या तात्यापारा भागात पाहुण्यांना गाडीतून शहर दाखवणारी एक कंपनी होती. तिथे मी काउंटरवर बसायचे. फोन घ्यायचा, कुणाला कोणती गाडी द्यायची ते ठरवायचं, परत आलेल्या पाहुण्यांना "कैसा लगा?" विचारायचं. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. ऑफिसात मराठी माणसं दोनच, मी आणि काका. मी राग धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कुणाला माझी समजूत घालावीशी वाटली, तर घालू नये.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी रायपूरलगतच्या उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये आले, मग ट्रकवर गेले, मग टॅक्सीवर. राहायला भनपुरीत. अंगाने काटकुळे. रोज सकाळी गाडीच्या काचा वर्तमानपत्राने आतून पुसत. बाहेरून नव्हे, आतून. "बाहेरून तर सगळेच पुसते," म्हणत. रायपूरबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "लोक बस्तरले जाऊन राहिले, म्हणून इथं उतरते. रायपूर म्हंजे त्यायची वेटिंग रूम. मंग मी त्यायले वेटिंग रूमच अशी दाखवतो, का गाडी सुटली तरी चालते." आणि खरंच, पुढचा दौरा एक दिवस ढकलून "काकाजी के साथ एक दिन और" म्हणत परत आलेले पाहुणे मी पाहिले आहेत.

त्यांच्या फेरीत सगळ्यात जास्त हशा बूढातालाबच्या वळणावर व्हायचा. तिथे ते तलावातल्या पुतळ्याचं नाही, तलावाचं नाही, बायकोचं सांगत. लग्न होऊन आठ दिवस झाले होते. कमलकाकूंना शहर दाखवायला त्यांनी मित्राची सायकल आणली, बायकोला मागे बसवलं आणि ऐटीत निघाले. रस्ते स्वतःलाच माहीत नव्हते. फिरून फिरून तीनदा त्याच तलावावर आले. तिसऱ्यांदा काकू कॅरिअरवरून उतरल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शहर दाखवून राहिले का तलाव? तीनदा झाला पाहून!" काका पाहुण्यांना हिंदीत सांगत, "यहीं मेरी कमल ने मुझे पहली बार डाँटा था. वही मेरी पहली सवारी थी." पाहुणे हसत. काका हसत नसत. काकूंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

एका दुपारी भैयाजींनी काकांना ऑफिसात बसवलं, चहा मागवला. "काका, आप जो-जो बोलते हैं, सब बोल दीजिए. नए ड्राइवर सीखेंगे." काकांना केवढा आनंद झाला! आपल्यामागून कुणीतरी हे सांगणार, या कल्पनेनेच ते फुलले. दोन तास बोलत होते. प्रत्येक ठिकाणी गाडी कुठे उभी करायची, कुठे थांबून श्वास घ्यायचा, सगळं. बूढातालाबचंही सांगितलं. फोन त्यांच्यासमोर धरून मी बसले होते. रेकॉर्डिंगचं बटण मी दाबलं होतं. हे लिहिताना आजही माझा अंगठा मला नकोसा होतो.

महिनाभराने कंपनीच्या सगळ्या गाड्यांत स्पीकर बसले. पहिली फेरी काकांच्या गाडीत. पुढे भैयाजी, मागे मी. गाडी चालू, आणि स्पीकरमधून रेडिओवर बोलतात तसा एक गुळगुळीत आवाज काकांचं बोलणं बोलत होता. शब्द तेच, विनोद तेच, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच. काका समोर बघून गाडी चालवत होते. बूढातालाबचं वळण आलं. आवाज म्हणाला, "यहीं मेरी कमल ने मुझे पहली बार डाँटा था."

भैयाजी मांडीवर थाप मारून हसले. काकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तलावाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. भैयाजींनी दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा येऊन बसले.

ऑफिसात परतल्यावर ते भैयाजींच्या टेबलापुढे उभे राहिले. या माणसाला मी कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. हिंदीत म्हणाले, बाकीचं सगळं ठेवा, तुम्हालाच दिलं, फक्त कमलचं तेवढं काढा. भैयाजी म्हणाले, "अरे काका, उसी पर तो लोग हँसते हैं! वही तो सबसे बढ़िया है." आणि फोन घ्यायला वळले. काका माझ्या काउंटरशी आले, गाडीची किल्ली ठेवली. "पोरी, माह्या बायकोचं नाव तो भाड्याचा माणूस घेऊन राहिला. दिवसातून दहा वेळा. मी नाई सोडत याले."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलले. पण काका रागाच्या भरात काही करणारे नव्हते. त्यांनी स्वतःची जुनी गाडी धुऊन काढली आणि भनपुरीहून एकट्याने फेऱ्या सुरू केल्या. काउंटरवर कुणी "वो काकाजी नहीं हैं?" विचारलं की मी गुपचूप त्यांचा नंबर देत असे. होईल ते होवो, असं मला वाटू लागलं होतं.

वर्ष गेलं. भैयाजींच्या फेरीला लोक कंटाळू लागले. स्पीकर काही नवं सांगत नव्हता, आणि तिकडे काका दर महिन्याला काहीतरी नवं काढत होते. मग भैयाजींनी आपल्या मेहुण्याला बिलासपूरचा पाहुणा म्हणून काकांच्या गाडीत बसवलं, खिशातला फोन चालू ठेवून. ही योजना माझ्या काउंटरसमोरच शिजली. मी संध्याकाळी काकांना फोन केला. "काका, उद्याची सवारी भैयाजींचा माणूस आहे. परत पाठवा त्याला."

"परत काहून पाठवू?" काका म्हणाले. "पाहुणा हाय. त्याले काहीतरी खाऊ घालून पाठवू."

आठ दिवसांनी नव्या ठिकाणाचा मजकूर टाइप करायला माझ्याकडे आला. मथळा होता 'उष्ठे बाबा का चौरा'. चौरा म्हणजे आपला देवाचा ओटा. मी तो मजकूर वाचला आणि पाणी प्यायला उठून गेले, कारण तोंड आवरेना. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांमागे एक सिमेंटचा ओटा आहे. त्यावर पूर्वी विजेची डीपी होती, ती काढून नेली, ओटा राहिला. काकांनी मेहुण्याला तिथे नेलं, इंजिन बंद केलं आणि गोष्ट सांगितली. म्हणे एका राजाकडे एक कथेकरी होता. त्याच्या कथा चोरून ऐकून एक सावकार त्या दरबारात आपल्या म्हणून सांगत असे. एक दिवस त्या सावकाराच्या तोंडाची चवच गेली. दुसऱ्याने अर्धं खाऊन टाकलेलं असेल तेवढंच त्याला गोड लागे. मरेपर्यंत तो तेच मागून खात इथे बसला आणि उष्टेबाबा झाला. रीत अशी, की भाविकाने ग्लुकोजचं बिस्किट अर्धं खावं, उरलेलं ओट्यावर ठेवावं आणि हात जोडावेत.

हिंदीत उष्ट्याला जूठा म्हणतात. 'उष्टा' हा शब्द त्यांच्याकडे नाहीच. मेहुण्याला वाटलं, कुठलंतरी जुनं, जंगलातलं नाव असणार. भैयाजींनाही तेच वाटलं. त्या अख्ख्या ऑफिसात मराठी जाणणारी मी एकटी उरले होते. मी एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी मजकूर काळजीपूर्वक टाइप केला. फक्त 'उष्ठे' लिहिलं होतं, ते दुरुस्त करून 'उष्टे' केलं. शुद्धलेखनात हलगर्जीपणा मला चालत नाही.

त्यानंतरचे चार महिने माझ्या नोकरीतले सर्वात सुखाचे. कंपनीच्या गाड्या रोज त्या डीपीच्या ओट्यासमोर थांबत. दिल्लीचे, कोलकात्याचे, बंगळुरूचे पाहुणे उतरून अर्धी बिस्किटं ठेवत, फोटो काढत. भनपुरीची कुत्री अंगाने भरली. कंपनीच्या पत्रकावर उष्टेबाबा सर्वात वर छापले गेले. मी काकांना पत्रक नेऊन दाखवलं. त्यांनी ते नीट घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि विचारलं, "नागपूरवाले कवा येऊन राहिले?"

नागपूरचे पर्यटन व्यावसायिक येणार होते, हे त्यांना मीच सांगितलं होतं. चाळीसेक जण, त्यांच्याकडून पाहुणे मिळावेत म्हणून भैयाजींनी हॉटेलचा हॉल घेतला होता. मी दाराशी नावं लिहून घेत होते. भैयाजी माइकवर आले. भाषण माझ्याकडूनच टाइप करून घेतलेलं. "मित्रों, आज मैं जो कुछ भी हूँ, उष्टे बाबा की कृपा से हूँ. मैंने जो पाया, उष्टे बाबा से पाया. हमारी पूरी कंपनी उष्टे बाबा की संतान है."

आधी कुणीतरी खोकलं. मग मागच्या रांगेतून एक हुंदक्यासारखा आवाज आला, आणि मग सगळा हॉल फुटला. भैयाजी आधी त्यांच्याबरोबर हसले, मग एकटेच थांबले. पहिल्या रांगेतल्या एक पिकल्या केसांच्या बाई डोळे पुसत उभ्या राहिल्या. "भैयाजी, उष्टं म्हंजे काय, हे तरी माहीत आहे का हो तुम्हाले? उष्टं याने जूठा. दूसरे का जूठा खाने वाला." आणि पत्रक उलटून त्यांनी गोष्ट मोठ्याने वाचली, सावकाराची, चोरलेल्या कथांची. त्या बाईंना आमच्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कंपनीचे आठ ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे होते, त्यांना मात्र कुणी कुणाच्या गोष्टी चोरल्या ते ठाऊक होतं. ते हसले नाहीत. ते भैयाजींकडे बघत राहिले.

भैयाजी माइक सोडून थेट माझ्याकडे आले. "आपको पता था?"

"हव," मी म्हटलं. "पता था." आणि नावांची वही त्यांच्या हातात देऊन निघाले. परत त्या काउंटरवर गेले नाही.

हॉलमधून निघताना मी ड्रायव्हरांना एवढंच सांगितलं होतं, काय होईल ते कळवा. दुसऱ्या दिवशी फोन आला आणि मी रिक्षा करून भनपुरीला गेले. काका नळाला पाइप लावून गाडी धूत होते. मी हॉलमधलं सगळं रंगवून सांगितलं, बाईंची नक्कल केली, भैयाजींचं तोंड करून दाखवलं. काका हसले नाहीत. पाइप हातात तसाच. "अन् कमलचं? ते काढलं का त्यानं?"

"सगळंच काढलं काका. तुम्ही आणखी काय काय घुसवलं असेल म्हणून घाबरला. काल रात्रीच सगळ्या गाड्यांतलं पुसून टाकलं. स्पीकरसुद्धा उतरवले."

काकांनी नळ बंद केला. गाडीच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पाणी त्यांच्या चपलांखालून वाहत होतं. मग म्हणाले, "पोरी, एवढंच पाहिजे होतं मले. बाकी त्याचं काई झालं तरी मले काय करायचं हाय?"

इथे आमचं पटलं नाही. मला बाकीचंही हवं होतं. नागपूरचा एकही पाहुणा पुढे भैयाजींकडे आला नाही, याचा मला आजही आनंद होतो. काकांना त्यात रस नव्हता. त्यांनी आपली फेरी पुन्हा चालू केली. फक्त एक बदल केला. बूढातालाबच्या वळणावर ते कमलकाकूंचं आता मराठीतच सांगत. मागे बंगाली असो, तमिळ असो. "समजो न समजो," म्हणत. "ज्याले चोरायचं असंल त्याले आधी मराठी शिकू दे." पाहुणे न कळून मान डोलावत, आणि गंमत म्हणजे बरोबर जागी हसत.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. आजारी असे पडलेच नाहीत. सकाळी काचा पुसून झाल्या, सीटवर बसले आणि उठले नाहीत. भनपुरीच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यांच्या मुलीने मला म्हटलं, "ताई, माइक तुम्हीच सांभाळा." वंदना झाली, त्रिशरण झालं, लोक एकेक फूल वाहून बसू लागले. तेवढ्यात दारातून भैयाजी आले. हातात मोठा हार, अंगात पांढरा कुर्ता. फोटोला हार घातला, डोळे टिपले आणि माझ्याजवळ येऊन हात पुढे केला. "दीदी, काका के बारे में दो शब्द मैं भी बोल दूँ."

मी माइक छातीशी धरला. "फुलं वाहून झाली ना? बसा," मी मराठीत म्हटलं. एवढं त्यांना कळलं. ते बसले, अगदी पुढच्या सतरंजीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर. मग मी एकेकाला बोलवलं. आठही ड्रायव्हर बोलले. पंक्चर काढणारा बोलला. शेजारची म्हातारी बोलली, काकांच्या मुलीच्या शाळकरी मुलीने कविता म्हटली. प्रत्येकाच्या हातात माइक देताना मी मुद्दाम मोठ्याने सांगत होते, सावकाश बोला, आज कुणालाही घाई नाही.