खोट्या साहेबाचा शब्द

आमच्या भागातल्या एका बड्या साहेबाचं, म्हणजे पुढाऱ्याचं, थट्टेचं चरित्र मी पडद्यावर आणायला निघाले, तेव्हा माझं डोकं फिरलंय असं घरच्यांनी धरूनच घेतलं. सिनेमात नाव कुणाचंच नव्हतं. साहेबाचं काम माझ्या मामाला दिलं. मामा एसटीचा निवृत्त कंडक्टर; पोट, मिशा, आवाज, सगळं घरचंच.

तीर्थपुरीजवळ पांदीच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या, रस्त्यावर भूमिपूजनाचा प्रसंग लावला. आमच्याकडे रस्ता होवो न होवो, नारळ मात्र दर निवडणुकीला फुटतो, आणि मला त्याचीच टर उडवायची होती. मांडव घातला, फेटे बांधले, हलगीवाला बोलावला. मामाने नारळ फोडला आणि शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी थेट पुढे आली. मामाच्या हातात अर्ज देऊन ती त्याच्या पाया पडली.

"साहेब, सुनंला बाळंतपणाला बाजंवर टाकून न्यावं लागलं. एवढा रस्ता बराबर करून द्या."

कॅमेरा चालूच होता. मामा भूमिकेत होता. "काम झालं समजा," तो बोलून गेला.

ती समाधानाने निघून गेली. आम्हाला कुणालाच हसू आलं नाही. मला तर स्वतःचीच चीड आली, कारण प्रसंग झकास उतरला होता आणि तो सोडवत नव्हता.

मामाने फेटा काढून खाली ठेवला. "काढून टाक हे. मी त्या बाईला फसवलं अन् तू त्याचा पिच्चर करून राह्यली."

"काढणार नाही," मी म्हणाले. "पण तिला विचारल्याशिवाय ठेवणारही नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. तिला सगळं खरं सांगितलं, लॅपटॉपवर दाखवलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्या बसायलाच हव्या होत्या. तिने लॅपटॉप सोडून मामाकडे बघितलं.

"मंग तुम्ही साहेब न्हाई?"

"न्हाई, मावशी. चुकलं माझं."

"ठिवा मला पिच्चरमधी. पर माझा कागद वापस द्या. खऱ्याला द्यायचाय."

मामाने कागद दिला नाही. सोमवारी साधा शर्ट घालून तो तिच्यासोबत तहसीलला गेला आणि अर्जाची पोच घेऊनच परतला. रस्ता अजून झालेला नाही. दर सोमवारी ती दोघं जातात, मागे कॅमेरा घेऊन मी. तुम्ही कोण, असं साहेब लोक मामाला विचारतात. तो दर वेळी एकच सांगतो, "मी या मावशीला शब्द दिलाय."