बोडीची बोरी

धानोऱ्याच्या बाईंनी सावरलं, हे आधी लिहितो. मग माझी चूक.

मी जतकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. संगणकाचं काम करता करता शिकलो आणि नोकरीसाठी इतक्या लांब ब्रह्मपुरीत आलो. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात एकेक खूण शोधत जायचं, त्या खेळाच्या चार मार्गदर्शक पुस्तिका आमच्या संस्थेनं केल्या. आधी वेबसाइट, मग छपाई. वेबसाइट माझ्याकडे. वाटा साऱ्या बाईंनी चालून दाखवलेल्या. त्यांचं आयुष्य मोहफुलं वेचण्यात गेलेलं.

मजकुरात जागोजागी ‘बोडी’ होतं. मला वाटलं, टायपिंगची चूक, बोरीच असणार, बोराचं झाड. विचारायला लाज वाटली. कमी शिकलेल्याला विचारायचीच भीती फार. एका फटक्यात सगळ्या बोड्यांच्या बोरी केल्या. जुनी फाईलही ठेवली नाही.

वेबसाइटच्या उद्घाटनाच्या सकाळी बाई आल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी पहिली वाट वाचून दाखवली. “बोरीपासून उगवतीकडे...”

“थांब. बोरी कुठून आली? तिथी बोडी हाय.”

“बोडी म्हणजे?”

“पाण्याची बोडी! बांध घातलेलं लहान तळं. धानाले पाणी कुठून देतेत मंग? काऊन रे बाबू, तुमच्याकडे बोडी नाई तं हाय काय?” त्या हसल्या, मग पुढे वाकल्या. “बोरी तं रानात पावलापावलाले. भलत्या बोरीपासून वळलं तं माणूस अस्वलाच्या अंगावर जाते.”

दुपारी कॉलेजची मुलं हीच वाट चालणार होती. उलट बदलही करता येईना, कारण काही ठिकाणी खरोखरच बोरी होत्या. कुठल्या, ते फक्त बाईंच्या पायांना ठाऊक.

संस्थेच्या सरांना जाऊन सांगितलं. नोकरी गेलीच असं धरून सांगितलं. त्यांनी मुलांचं जाणं दुसऱ्या दिवसावर ढकललं, एवढंच. बाई खुर्ची ओढून बसल्या. “वाच.”

मी वाचत गेलो, त्या डोळे मिटून चालत गेल्या. “बोडी. बोडी. हे बोरी खरी, वाकडी हाय. बोडी.” चार पुस्तिका संपेतो दुपार कलली होती. मग वेबसाइट सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मुलं परतली तेव्हा मी फाटकापाशी एकेक डोकं मोजत होतो. सगळी होती.

बाई, आमच्याकडे बोरी आहेत. एका थंडीत तुम्हाला जतच्या माळावर नेईन, हा शब्द. तिथे वाट मी दाखवीन.