थाळी वाजली की

ती घटना अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकात लखनौच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. मानक नगरच्या रेल्वे वसाहतीतली एक बाई खबर घेऊन आली. "दरोगाजी, सामनेवाले मराठी बाबू बच्ची को घसीटते हैं. घुटने देखिए उसके!"

पोर पाच वर्षांची. गुडघे सोललेले, हाडांचा सापळा, खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. लेकरांवर हात उचलणाऱ्याची मला भारी चीड. बापाला ठाण्यात बसवलं.

"मी मारत नाही, साहेब."

"मग काय आपोआप पडते?" मीही मूळचा मराठी मुलखातला, मराठीतच खेकसलो. गडी गप्प. गप्प बसतो तो चोर, असं आमच्या खात्यात मानतात. कधीकधी त्याला नुसती लाज वाटत असते, हे मला तेव्हा सुचलं नाही. गुन्हा नोंदवून पोरीला बालगृहात पाठवायचं माझं जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी बापाला घेऊन घराची पाहणी करायला गेलो.

त्याच्या आईनं चहा टाकला. फळीवरच्या तांब्यावर एक पितळी थाळी तिरकी ठेवलेली. तेवढ्यात घरामागून मालगाडी गेली आणि थाळी खणखणली.

"पळा रं!" म्हातारी ओरडली. बापानं पोरीचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. ती उंबऱ्यावर आपटली अन् अंगणात भडाभडा ओकली. बाप तर तिच्याहून जास्त कापत होता.

"भूकंपात माझी दोन लेकरं गेली, बाबा," म्हातारी म्हणाली. ती पाटणकडची, म्हणजे सदुसष्टचा कोयनेचा भूकंप. "ह्यो पोटात हुता. तवाधरनं अशी थाळी ठेवती, जमीन हालली की वाजती."

"आजी, पण ही तर मालगाडी!"

"मला ठावं हाय. पायास्नी कुठं ठावं हाय?"

भूकंप ना बापानं पाहिलेला, ना पोरीनं. पोरीला दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "ही भीती आईच्या पोटातूनच आली का, ते सांगता येत नाही. पण रोजच्या धास्तीनं पोरीचं अन्न अंगी लागत नसावं."

गुन्हा नोंदवला नाही. थाळी उतरवा म्हटलं, तर म्हातारी उसळली, "आन् खरंच हादरलं तर?" तेव्हा पोरच म्हणाली, "आजी, इसमें खाना दो ना."

महिन्याभरानं सहज डोकावलो. पोर त्याच थाळीत वरणभात जेवत होती. मालगाडी आली. म्हातारी अर्धी उठली. पोरीनं डाव्या हातानं थाळी दाबून धरली आणि घास तोंडात घातला. म्हातारी हळूच खाली बसली.

पुढे अशी कुठली खबर आली, तर 'कोण मारतं' याआधी मी विचारायचो, या घरात कोण कशाला भितं? त्या दिवशी तेवढं न विचारता मी एका लेकराला त्याच्या घरातून उचलणार होतो.