काळी चार

नागपूरच्या साऱ्या महाल वस्तीत माह्याएवढा खनखनीत आवाज कोनाचाच नव्हता. गान्याच्या बाईनं तो पयल्यांदा ऐकला, पेटीचा भाता बंद केला, खिडकीबाहेर पाह्यलं आनि म्हने, "सूर फिरायला गेला. थांबू या."

कोनी बेसूर झालं का बाईचं हेच. रागावनं नाई, छडी नाई. भाता बंद, नजर समोरच्या कडुनिंबावर, आनि सारा वर्ग त्या सुराची वाट पाहत बसे. लहान पोरं असो का कचेरीतले बाबू, सगळ्याइले सारखंच. बाकीच्याइचा सूर कोपऱ्यावरून परत ये. माहा थेट दहा मैलावरच्या कामठीले जाये.

बाईची खोली वर, माहं पंक्चरचं दुकान खाली. तवा नागपुरात पाहान तिकडं सायकलीच सायकली. मी ट्यूब घासत बसलो का वरून सारेगम पडे. शाळा तं मले झेपली नाई, म्हनलं गानं झेपते का पाहू. गेलो वर.

बाईची एक अट होती. सूर जरासा बसला का प्रत्येकानं आपलं गानं आपनच बनवाचं. "उसनं चालणार नाही गा. चंद्र-चांदण्या आणू नको, तुझ्या घरचं काही आण."

माह्या घरचं म्हंजे पंक्चर. धृपद जमलं, पुढं गाडी अडली. घरी तेच गुनगुनत बसलो होतो, तं माही बायको सुमन पोळ्या लाटता लाटता म्हने,

"गावाले हवा वाटून घरी येते रिकामा,
दोन घोट चहाबिगर येत नाई कामा!"

मी बाईले ते म्हनून दाखवलं आनि सांगतलं, "हे माहं नाई, घरच्या मान्साचं आहे."

"मग तिला घेऊन ये ना!"

सुमन म्हने, "काही बी! चार लोकांत मी तोंड उघडू?" पन चहा द्याच्या निमित्तानं वर ये, दाराशी बसे आनि ओठातल्या ओठात गाये. मले वाटे, माह्यावर खूश होऊन राहिली.

पट्टीवरून बाईचा आनि माहा रोज वाद. बाई पेटीवर बोट ठेवून म्हने, "काळी एक घे. काळी चार फार उंच, ती बायकांच्या गळ्याची." मी म्हनो, "बाई, माहा गळा खालच्या पट्टीत मावतच नाई." एक दिवस बाईनं दाराकडं पाह्यलं आनि एकदम मानलं. "बरं, काळी चारच ठेवू."

मी जिंकलो.

गनपतीत एक संध्याकाळ बाईच्या क्लासची राहे. त्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी येऊन बोलला, "बाई, लोकाइले सिनेमाचे गाने पाह्यजे. यंदा लोकं उठले तं पुढच्या साली ऑर्केस्ट्रा. तुमचा क्लास बंद."

पोरं झकास गायली. पन ज्याच्या पोराचं गानं झालं तो पोराले कडेवर घेऊन घरी! शेवटी मी उभा राह्यलो तं अर्धी सतरंजी रिकामी.

धृपद कसंबसं काढलं. अंतऱ्याले वर चढलो आनि ट्यूबचा वॉल निघाल्यावानी आवाज गेला. फुस्स! लोकं हसले, चपला शोधू लागले. आता बाईचा भाता बंद होईन म्हनून मी तिकडं पाह्यलं. भाता चालूच. बाईची नजर बायकांच्या बाजूनं.

"सुमन, ये वं!"

ती आली नाई. तिथंच उभी राह्यली, पदर खोचला आनि उचललं, "गावाले हवा वाटून..." काळी चार तिच्या गळ्यावर अशी बसली का रिमवर टायर! बायका आपापल्या नवऱ्याकडं पाहून हसल्या आनि दुसरी ओळ साऱ्याजनीइनं धरली. पानठेल्यावर गेलेले लोकं तोंडात पान घेऊन धावत परत आले. वन्स मोअर, वन्स मोअर! सेक्रेटरी सोता टाळी वाजवून राहिला होता.

"बाई, पुढच्या साली बी संध्याकाळ तुमचीच," तो म्हने.

"सतरंज्या वाढवा," बाई म्हने.

स्टेजवरून उतरताना मी इचारलं, "बाई, माहा सूर गेला तरी भाता काहून नाई बंद केला?"

"सूर गेला कुठे गा? मागून येऊन राहिला होता."

बाई आता नाई. जाताना पेटी सुमनले देऊन गेल्या. त्याच खोलीत आता ती शिकवते, आनि पायऱ्यांपर्यंत चपला राहते. काल मले राहावलं नाई. वर जाऊन पोराइच्या सारेगममध्ये आपला खनखनीत आवाज घातला. सुमननं भाता बंद केला आनि कडुनिंबाकडं पाहत बसली. सारा वर्ग थांबला.

पयल्या रांगेतली एक चिमुरडी कटाळली. म्हने, "काकू, काकाचा सूर काही परत येत नाई. त्यायलेच खाली पाठवा ना!"