चौऱ्याऐंशीव्या पानावरची चिमणी

थेंबमास्तरांना राग आला की ते बर्फ फोडायला घेत. त्या मंगळवारी त्यांनी एक अख्खी लादी फोडून तिचा असा भुगा केला की तो कुठल्याच ग्लासात घालायच्या लायकीचा उरला नाही. शेवटी वेटरनेच तो बादलीत भरून नेला. काय झालं हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही, कारण जे झालं होतं ते काउंटरवर उघडंच पडलं होतं. ते एक पुस्तक होतं.

त्या हॉटेलच्या बारमागे मास्तर सव्वीस वर्षं उभे होते. दारू ते पीत नसत. पण गिऱ्हाइकापुढे ठेवण्याआधी प्रत्येक ग्लासातला एक थेंब स्ट्रॉने उचलून जिभेवर ठेवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मगच ग्लास पुढे सरकवायचे. थेंब पसंत पडला नाही तर अख्खा ग्लास मोरीत जायचा. म्हणून ते थेंबमास्तर. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

पुस्तक होतं मॅनेजरसाहेबांचं. म्हणजे कव्हरावर नाव आणि फोटो त्यांचा. ‘घरच्या घरी जगभरची कॉकटेल्स’. फोटोत साहेबांनी शेकर नुसता झाकणाला धरून उचलला होता. असा धरलेला शेकर हलवला तर झाकण हातात राहतं आणि बाकीचं सगळं विजारीवर येतं, हे बारमध्ये झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण साहेब पडदे-गालिच्यांच्या खात्यातून वर चढलेले. दोन वर्षांपूर्वी आल्या आल्या त्यांनी मास्तरांकडून त्यांची वही मागून घेतली होती. हॉटेलच्या दप्तरात एक प्रत असावी, एवढंच म्हणाले होते. मास्तरांनी दिली. गाढवपणा केला, दुसरा शब्द नाही.

आता ती वही शब्दन् शब्द छापून आली होती. क्युबाची डायकिरी, पॅरिसची साइडकार, पेरू देशाची पिस्को सावर. ‘ग्लास आधी गार करा, नाहीतर केलंसवरलं पाण्यात’ हे मास्तरांचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं. आभाराच्या पानावर फोटोग्राफर होता, साहेबांच्या सासूबाई होत्या, घरचा कुत्रा होता. मास्तर नव्हते. आयत्या बिळावरच्या नागोबालाही बीळ कोणाचं याची थोडी चाड असेल, या माणसाला तेवढीही नव्हती.

त्या रागातही मास्तरांना एक दुष्ट गुदगुली होत होती, तिचं कारण सांगायला हवं. मास्तरांना ज्या वस्तादाने तयार केलं, तो म्हणायचा की वही चोराची असते आणि हात आपला. म्हणून वहीत खोट ठेवायची. त्याच्या हाताखालचे सगळे तसंच लिहीत. जिथे लिंबू, तिथे ते दुप्पट लिहायचं. जिथे लिंबू नाही, तिथे व्हर्मूथ, म्हणजे ती कडसर मसालेदार वाईन, दुप्पट. हाताला खरं माप पाठ असतं, वही कोणी पळवली तर त्याचं तोंड आंबट होतं. डायकिरीत साठ मिली रमला पंचवीस मिली लिंबू पुरतं. वहीत पन्नास होतं, आणि आता हजारो प्रतींत पन्नासच होतं. छापण्याआधी साहेबांनी एक ग्लास, फक्त एक, करून चाखला असता तर कळलं असतं. पण चाखायला कष्ट पडतात.

घरी जाऊन मास्तरांनी हे हसत हसत बायकोला सांगितलं. ती हसली नाही.

“साहेबाने चोरी केली, कबूल,” ती म्हणाली. “पण ज्यांनी पुस्तक विकत घेतलं, त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

मास्तर तिच्यावरच चिडले. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग जरा जास्तच येतो.

खरा घाव बसला तो गुरुवारी, मुलीच्या फोनने. मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. लहानपणी सतत चिवचिव करायची म्हणून चिमणी, अजूनही चिमणीच. ती जन्मली त्या आठवड्यात मास्तरांनी एक स्वतःचं कॉकटेल बसवलं होतं: जिन, संत्र्याचा रस, थोडं लिंबू, मध, अंड्याचा पांढरा बलक, आणि वरच्या फेसावर बिटर्सचे, त्या कडू गडद अर्काचे, तीन बारीक ओघळ, चिमणीचं पाऊल उमटल्यासारखे. नाव अर्थात ‘चिमणी’. जगभरच्या नामांकित मंडळींच्या पंक्तीत त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं, आणि अख्ख्या वहीतली तेवढी एकच कृती खरी लिहिली. लेकीच्या नावात खोट घालायला हात धजावला नाही. पुस्तकात ते चौऱ्याऐंशीव्या पानावर होतं, ‘मॅडम स्पेशल’ या नावाने. खाली लिहिलं होतं की लेखकाने हे आपल्या पत्नीसाठी निर्माण केलं.

पुस्तक हाती पडल्यावर चिमणीला वाटलं वडिलांनीच ते देऊन टाकलं. मास्तर सांगायला गेले की मी दिलं नाही, साहेबाने वहीतून उचललं, तर तिने विचारलं, वही कोणी दिली होती.

“बाबा, माझ्या वाट्याला तुमची एकही संध्याकाळ आली नाही,” ती म्हणाली. “ना शाळेतली नाटकं, ना आजारपणं. माझं म्हणून एवढं एक होतं. तेही गेलं.”

तिने फोन ठेवला. मास्तरांची तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आता त्या आगीत ते स्वतःही होते.

शनिवारी चार वाजता बारमध्येच पुस्तकाचा समारंभ होता. प्रत्येक खुर्चीवर एक प्रत आणि हॉटेलचं नाव छापलेलं पेन ठेवलं होतं. मास्तरांनी मुलीला फक्त एवढाच निरोप धाडला होता की ये, आणि मागे उभी राहा. ती येईल याची त्यांना खात्री नव्हती. ती आली, हाताची घडी घालून दाराशी उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघेना.

साहेबांनी आपल्या लहानपणापासूनच्या आवडीवर लांबलचक भाषण ठोकलं. मग म्हणाले, आमचे बारमन आता पुस्तकातल्या कृती करून दाखवतील. बारमन. सव्वीस वर्षांनी नाव तर नाहीच, मास्तरसुद्धा नाही.

मास्तरांनी पुस्तक काउंटरवर उघडं ठेवलं आणि एकेक माप मोठ्याने वाचत ओतायला सुरुवात केली. साठ रम. पन्नास लिंबू. वीस साखरेचा पाक. डायकिरी झाली, साइडकार झाली, पिस्को सावर झाली. त्या दिवशी त्यांनी स्ट्रॉ उचलली नाही, एकही थेंब चाखला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते वाईट ग्लास लोकांपुढे ठेवत होते. त्याची त्यांना एवढी लाज वाटत होती की कान तापले होते.

पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली. कोणी ग्लास कुंडीमागे सरकवला, कोणी पाणी मागितलं. साहेब जवळ येऊन दात आवळून म्हणाले की तुम्ही हे मुद्दाम करताय.

“पान उघडं आहे साहेब,” मास्तर म्हणाले. “ताडून बघा.”

पुढच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या बाईंनी आपल्या प्रतीत पाहिलं. पन्नासच लिहिलंय, त्या म्हणाल्या. गेल्या आठवड्यात त्यांनी बहिणीच्या वाढदिवसाला घरी ह्याच पुस्तकातून डायकिरी केली होती. तीनदा ओतून दिली, आणि आपल्याच हाताला चव नाही असं समजून गप्प बसल्या. मास्तरांना बायकोचं बोलणं आठवलं आणि मान वर करवेना.

साहेबांनी सावरायला घाईघाईने शेवटची, ‘मॅडम स्पेशल’ची, फर्माईश केली. ती तरी नीट करा, घरच्यांच्या नावाची आहे.

मास्तरांनी ग्लास गार केला. शेकर दोन्ही हातांनी धरला, आधी बर्फाशिवाय, मग बर्फ घालून, हात दुखेपर्यंत हलवला. फेसावर तीन ओघळ सोडले. स्ट्रॉने एक थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि मग ग्लास त्या बाईंपुढे सरकवला. बाईंनी एक घोट घेतला, पुन्हा एक घेतला. शेजारणीने ग्लास ओढला. नाव काय ह्याचं, बाईंनी विचारलं.

“चिमणी,” मास्तर म्हणाले. “माझ्या मुलीचं नाव. पंचवीस वर्षांपूर्वी ती झाली तेव्हा बसवलं. ती तिथे दाराशी उभी आहे.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले की काहीतरी गैरसमज होतोय, पुस्तकात स्पष्ट छापलंय.

“पुस्तकावर भरवसा असेल,” मास्तर म्हणाले, “तर मघाचे ग्लास संपवा.”

कोणी ग्लासला हात लावला नाही. साहेबांच्या पत्नीनेही नाही.

मग मास्तर त्या बाईंकडे वळले. वही माझी आहे, त्यांनी सांगितलं, आणि वहीतली खोटही माझीच. चोरासाठी घातली होती, ती तुमच्या घरात आली, त्याची माफी मागतो. खुर्चीवर पेन आहे, ते घ्या. जिथे लिंबू आहे तिथे लिंबाचा आकडा निम्मा करा. लिंबू नसेल तिथे व्हर्मूथ निम्मा. फक्त चौऱ्याऐंशीव्या पानावर मापांना हात लावू नका. तिथलं नाव खोडा.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग शेजारणीने. खोलीभर पानं उलटल्याचा आवाज सुरू झाला. साहेब सोमवारपासून येऊ नका असं काहीतरी म्हणत होते, पण ते ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

चिमणी काउंटरपाशी आली. तिच्या हातात तिने स्वतः विकत घेतलेली प्रत होती. चौऱ्याऐंशीवं पान काढून तिने ‘मॅडम स्पेशल’वर आडवी रेघ मारली, वर आपलं नाव लिहिलं, आणि मापांवर बोट ठेवून विचारलं, हे नक्की खरं का.

“तेवढंच खरं होतं,” मास्तर म्हणाले.

“वही कशाला दिलीत पण?”

“चुकलं माझं.”

ती लगेच विरघळली नाही. राग तिला बापाकडूनच मिळाला होता. पण दाराकडेही गेली नाही. बार उघडायला दहा मिनिटं होती. सव्वीस वर्षं ह्या वेळी मास्तर लिंबं कापायला घेत. त्यांनी एप्रन सोडला, घडी करून साहेबांच्या पुस्तकावर ठेवला आणि मुलीला विचारलं की आज संध्याकाळी ती घरी आहे का.