बांधायचं नाही म्हणजे नाही

"बांधा त्याला." पिल्लू घरात आल्यापासून मला हे किती जणांनी सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. दूधवाल्यानं सांगितलं, लाइटचं मीटर बघायला आलेल्यानं सांगितलं, चुलत सासूबाई तर चपला काढायच्या आधी उंबऱ्यातूनच सांगायच्या. जणू कुत्रं पाळायचं म्हणजे आधी साखळी आणायची आणि मग तिला शोभेल असं कुत्रं शोधायचं. मी प्रत्येकाला चहा दिला, मान डोलावली आणि पिल्लाला एकदाही बांधलं नाही.

आमचं गाव मलकापूरपासून जवळ, उसाच्या पट्ट्यातलं. दिवाळीत मुलगी पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीला आली आणि तिला कुत्रं हवं झालं. नवऱ्याच्या फलटणच्या मित्राकडं पिल्लं झाली होती. हा बाबा गेला आणि जर्किनच्या आत घालून मोटरसायकलवरून एक घेऊन आला. आई कुठल्या तरी महागाच्या जातीची, बाप गल्लीतला. मुलीनं आठ दिवस त्याचे फोटो काढले आणि नवव्या दिवशी ती हॉस्टेलला गेली. नवरा साखर कारखान्यात पाळीला जातो, सीझन चालू झाला की घरी फक्त झोपायला येतो. राहिलो आम्ही तिघं: मी, पिल्लू आणि माझे सासरे. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. फौजेतून सुभेदार होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली, पण घर अजून त्यांच्याच शिट्टीवर चालतं. पिल्लाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. नावं ठेवायला मात्र सगळी आळी तयार होती.

तीन-चार महिन्यांचं झालं आणि त्याचे दुधाचे दात पडून नवे यायला लागले. मग काय विचारता. माझ्या चपलेचा अंगठा गेला, पायपुसणं गेलं, केरसुणीचा नुसता बुडखा उरला. चार्जरची वायर त्यानं मधोमध तोडली, नशीब की ती प्लगमध्ये नव्हती. दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा असा काही कुरतडला की सुतार बघून म्हणाला, "वैनी, रंधा मारायचा हुता तर मला बोलवायचं की." आणि दमणं माहीत नाही. संध्याकाळ झाली की अंगात वारं भरल्यागत अंगणात गोल गोल पळायचं, वाळत घातलेली चादर ओढायची, तिच्यात स्वतःच गुंडाळायचं आणि मग स्वतःवरच भुंकायचं. मी हसायचे. आबा हसायचे नाहीत, निदान मी बघत असताना तरी नाही.

मग बुटांचा रविवार उजाडला. आबांचे काळे बूट वर्षातून दोनदा निघतात, शाळेच्या झेंडावंदनाला. पॉलिश मात्र दर रविवारी होतं. आबा ब्रश आणायला आत गेले तेवढ्यात पिल्लानं उजव्या बुटाची जीभ उपसून काढली आणि नाडी गिळता गिळता राहिली. आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती जीभ उचलून बुटात परत बसवून बघितली.

"सूनबाई, ह्याला डिसिप्लिन न्हाई," ते म्हणाले. "औंदा मेंढरं बसायला आली की ह्ये त्यांच्यासंगं जाईल."

ऊस तुटून गेला की माणदेशाकडचे मेंढपाळ कळप घेऊन आमच्या भागात उतरतात. दोन-चार दिवस मेंढरं रानात बसवायची, रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. आमच्या रानात दरवर्षी तेच एक मेंढपाळ मामा येतात. त्यांची कुत्री कामाची आणि शिस्तीची, आबांना त्यांचं भारी कौतुक.

"तवर सुधारलं तर?" मी विचारलं.

"तर बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा आहे.

मला ते पिल्लू द्यायचं नव्हतं. कारण मोठं नाही. मुलगी गेल्यापासून त्या घरात मला बघून आनंद होणारं ते एकटंच होतं. मी मोरीतून पदराला हात पुसत बाहेर आले तरी त्याला सण झाल्यासारखं व्हायचं. एवढं कुणाला माझं कौतुक असेल तर त्याला मी एका बुटापायी हाकलणार नव्हते. मी हट्टाला पेटले.

जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, म्हशींच्या रांगेत माझं पिल्लू बघून त्यांना जरा गंमत वाटली. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चावतंय, त्यात खोडी कसली? चावू नको म्हणण्यापेक्षा चावायला काहीतरी द्या. जुन्या टॉवेलला गाठी मारा, ओला करा, फ्रीजरमध्ये ठेवा आणि द्या. नको ते तोंडात धरलं तर ओरडू नका, काढून घ्या आणि हवं ते पुढं करा. "आणि पळवा त्याला," ते म्हणाले. "दमलेलं कुत्रं घर मोडत नाही."

टॉवेल आबांचाच निघाला, विरलेला. फ्रीजरमध्ये मटारशेजारी तो बघून आबा दोन दिवस फ्रीज उघडेनात. मी काढला नाही. पिल्लू थंडगार गाठ पुढच्या दोन पायांत धरून तासभर चघळायचं आणि तेवढा वेळ चौकट सुखी असायची.

पळवायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. सकाळी उजाडताना पाटाच्या रस्त्यावर पोलीस-फौजेच्या भरतीची पोरंपोरी पळतात, आमच्याकडं हे वर्षभर चालू असतं. त्यांच्या मागून मी, मुलीची ट्रॅक पँट आणि तिचेच राहिलेले बूट घालून. पहिल्या दिवशी मी पुलापर्यंत पोचले आणि कठड्याला धरून उभी राहिले, पिल्लू मागं वळून बघायचं आणि परत पुढं जायचं. भरतीतली एक पोरगी ओरडली, "काकू, श्वास नाकानं घ्या!" आठवड्यात मी पुलाच्या पलीकडं गेले. सुभेदाराची सून पँट घालून कुत्र्यामागं पळती, हे गावभर झालं आणि चुलत सासूबाईंनी ते आबांच्या कानावर घातलं. आबा सकाळी अंगणातली त्यांची खुर्ची रस्त्याकडं पाठ करून ठेवायला लागले. मी त्या पाठीसमोरून पळत गेले आणि पळत आले. लग्नानंतरच्या वीस वर्षांत माझं असं काही पहिल्यांदाच चाललं होतं आणि ते सोडायची माझी तयारी नव्हती.

आता उसाचं. उसाची कल्पना आबांची होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

एका दुपारी ते ओसरीवर ऊस सोलून खात बसले होते. पिल्लू पायाशी घोटाळत होतं. त्यांनी एक कांडं तोडून त्याच्यापुढं टाकलं. पिल्लू आडवं पडून दोन्ही पंजांत कांडं धरून असं काही सोलायला बसलं की अर्धा तास घरात चिडीचूप. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी आबांकडं. उसाच्या गावात राहून ही अक्कल आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचंच दोघांना नवल वाटलं. मग रोज दुपारी एक कांडं ठरलं. आबा स्वतः कोयता घ्यायचे, पेराची, म्हणजे गाठीची, बाजू राखून तोडायचे आणि म्हणायचे, "घे रं गड्या, तुझं रेशन."

पाचव्या दिवशी पिल्लाचं पोट बिघडलं. डॉक्टर माझ्यावर वैतागले, गोड म्हणजे गोड, ऊस बंद म्हणाले. मी बंद केला. आबांनी बंद केला नाही. गोठ्यामागं चोथ्याचे ढीग मला रोज दिसायचे आणि त्या बाजूनं आबा नि पिल्लू दोघंही तोंड पुसल्यासारखे यायचे. मी गप्प राहिले. वाटलं, त्यांची गट्टी जमतेय तर पिल्लू घरात राहील. माझी चूक ती हीच.

जानेवारीत नव्या उसाची लागण होती. आबांनी बेणं, म्हणजे लावायचा ऊस, वाळव्याकडच्या एका रानातून स्वतः निवडून आणलेलं. त्यासाठी तीन खेपा घातल्या होत्या. बायकांनी दिवसभर बसून त्याच्या दोन-दोन डोळ्यांच्या कांड्या तोडल्या, अंगणात ताडपत्रीवर ढीग घातला आणि वर ओली पोती टाकली. ऊस उगवतो तो त्या डोळ्यातून. डोळा गेला की ती कांडी चुलीत घालायच्या लायकीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात आले तेव्हा पिल्लू पोत्याखाली घुसून ढिगात बसलं होतं. त्यानं एकही कांडी पुरती खाल्ली नव्हती. प्रत्येकीचा पेराजवळचा डोळ्याचा उंचवटा तेवढा दाताला लागतो, म्हणून तोच उपटून कांडी बाजूला टाकत गेलं होतं. आणि आबांना बघून शेपटी हलवत एक कांडी तोंडात धरून त्यांच्याकडं आलं. रेशन देणारा माणूस आला, असं त्याला वाटलं असणार. काल हातानं दिलेलं खायचं आणि आज ताडपत्रीवरचं खायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं होतं?

लागण पुढं गेली. गडी माणसं येऊन परत गेली. आबांनी दिवेलागणीला मेंढपाळ मामांना फोन लावला. आबांचा राग खरं तर कुत्र्यावर नव्हता, स्वतःवर होता. पण घरातला कर्ता माणूस स्वतःवर रागावला की शिक्षा दुसऱ्याला होते. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, "आबांनी शबुद दिलाय, आता काय बोलायचं." आणि डबा घेऊन पाळीला गेला.

मामा शुक्रवारी सकाळी आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, बोलणं मऊ. त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला. "ब्येस हाय," म्हणाले. मग घोंगड्यातून लोढणं काढलं. लोढणं म्हणजे बाभळीचा हातभर दांडका, मध्ये दोरी. गळ्यात बांधला की तो पुढच्या पायांना आडवा येतो. जनावराला चालता येतं, पळता येत नाही.

"ताई, मारायला न्हाई ह्ये," माझा चेहरा बघून मामा म्हणाले. "नवं कुत्रं पळाया लागलं तर मेंढरं बुजत्यात. म्हयना-दोन म्हयनं. मग सवय हुती."

मामांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या कामाला ते हवंच.

त्यांनी दोरी बांधली आणि पिल्लाला सोडलं. ते रोजच्यासारखं माझ्याकडं झेपावलं, दांडका गुडघ्यांवर आदळला आणि ते तोंडावर पडलं. उठून परत निघालं, परत पडलं. तिसऱ्यांदा उठलं आणि जागेवरच उभं राहिलं. शेपटी खाली. माझ्याकडं बघत होतं, पण येत नव्हतं.

"बघ," आबा म्हणाले. "कसं गुमान झालं."

तो शब्द मला लागला. 'आमची सून लय गुमान हाय,' हे मी या घरात वीस वर्षं ऐकतेय. पाहुण्यांना सांगतात, कौतुकानं सांगतात, वाईट हेतू कुणाचाच नाही. लग्नाआधी मी अशी नव्हते. माझं माहेर विट्याकडचं, तिकडच्या अनेकांसारखं वडिलांचं परमुलखात सोनं गाळायचं दुकान होतं आणि वरच्या माडीत आम्ही राहायचो. मी हाक मारली की खालच्या बाजारातली माणसं वर बघायची. तो आवाज कुठं गेला हे मला कधी कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. अंगणात ते पिल्लू दांडका सांभाळत उभं होतं आणि मला संताप आला.

मी जाऊन खाली बसले आणि दोरी सोडायला लागले. मेंढपाळाची गाठ ती, नखाला दाद देईना. मी दातानं सोडवली.

"सूनबाई, मी मामास्नी शबुद दिलाय."

"तुमी दिलाय, आबा. मी न्हाई दिला." माझा आवाज कापत होता, पण निघत होता. "आन् कांड्या खायला त्याला शिकवलं कुणी? गोठ्यामागं रोज कोण बसायचं? मला समदं दिसत हुतं."

आबांशी असं कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं, त्यांनीही ऐकलं नसेल. मामा लांब रानाकडं बघत राहिले. मी दांडका त्यांच्या हातात दिला.

"मामा, च्या घ्या, जेवून जा. कुत्रं मात्र मिळायचं न्हाई."

पिल्लानं अंग झाडलं, आपण मोकळे आहोत याची एकदा खात्री करून घेतली आणि उडी मारून माझा पदर दातात धरला. आबांसमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, ही या घराची रीत. वीस वर्षांत त्यांच्या देखत तो एकदाही ढळला नव्हता, मी पळायला जायचे तेव्हाही ते पाठ करूनच बसायचे. पिल्लानं मागं रेटून हिसका दिला, पदर डोक्यावरून, खांद्यावरून घसरला आणि काठाजवळ टर्रकन आवाज आला.

"पदर," आबा म्हणाले.

सवयीनं माझा हात वर गेला. मग मी तो खाली घेतला.

"ऱ्हाऊ द्या, आबा. पदर माझा हाय. फाडू दे त्याला."